नळाची तक्रार आमदाराकडे का जाते?
मुंबईतल्या एका जुन्या नात्याची पार्श्वभूमी

दादर पश्चिमेला आगर बाजारातून जाणाऱ्या रस्त्याचं नाव एस. के. बोले मार्ग. दर मंगळवारी सिद्धिविनायकाला जाणाऱ्या भाविकांनी हा परिसर गजबजलेला असतो, पण बोले कोण होते, हे त्यांतल्या फार थोड्यांना सांगता येईल. रावबहादूर सीताराम केशव बोले भंडारी समाजातले. गिरणी कामगारांमध्ये त्यांचं काम होतं आणि १९०९ साली स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेचे ते आधारस्तंभ होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळाने त्यांचा एक ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टकचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना वापरू द्यावेत, असा तो ठराव होता. अंमलबजावणी होत नाही हे दिसल्यावर १९२६ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. जी नगरपालिका हा ठराव पाळणार नाही तिचं सरकारी अनुदान बंद करा, अशी या वेळची मागणी होती. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं १९२४ सालीच जाहीर केलं होतं, पण ते कागदावर राहिलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्या हाती बोल्यांच्या ठरावाचा आधार होता.

मुंबईतल्या लोकप्रतिनिधीच्या स्थानिक कामाचा इतिहास मला इथून सुरू करावासा वाटतो. आजही आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात सकाळी जमणाऱ्या माणसांची पहिली तक्रार बहुतेकदा पाण्याचीच असते. फरक पुढे पडतो. तक्रार ऐकून लोकप्रतिनिधी ती कुठे नेतो, यावर सगळं ठरतं.

महाडनंतर दहा वर्षांनी मतदारांनी निवडून दिलेली विधानसभा आली. १९३५ च्या कायद्याखालच्या पहिल्या निवडणुकीत, १९३७ मध्ये, डॉ. आंबेडकर भायखळा-परळ भागातून निवडून आले. त्यांच्या मतदारांपैकी कितीतरी जण दहा बाय दहाच्या खोलीत राहत, पाळीवर गिरणीत जात आणि मनाने रत्नागिरीतल्या आपल्या गावी असत. तिथली जमीन सारा वसूल करणाऱ्या खोताच्या ताब्यात. सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक सभागृहात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर आला. परळच्या आमदाराने कोकणातल्या जमिनीचा प्रश्न हाती घेण्यात त्या काळी कोणाला नवल वाटलं नसावं, कारण तो त्याच्या मतदारसंघाचाच प्रश्न होता. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. आज गणपतीला चाकरमान्यांसाठी मोफत गाड्या सोडणारे आमदार त्याच नात्याचा धागा पकडून असतात. धागा तोच असला तरी तेव्हा त्याच्या टोकाला जमीन होती.

आता मूळ कोड्याकडे येऊ. पाणी, गटार, कचरा, गल्लीतला दिवा ही महापालिकेची कामं. त्यांसाठी २२७ नगरसेवक आहेत. आमदार मुंबईत ३६, शहरात १० आणि उपनगरात २६. म्हणजे सरासरी सहा प्रभागांमागे एक आमदार. २०११ च्या जनगणनेतली मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती, त्या हिशेबाने एका आमदाराच्या वाट्याला साधारण साडेतीन लाख माणसं येतात. एवढ्या माणसांच्या नळाकडे बघायला विधानसभा निर्माण झालेली नाही. तरी लोक जातात, आणि ते चुकत नाहीत.

कारण १८८८ च्या महापालिका कायद्यात सापडतं. हा कायदा झाला तेव्हा फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघेही कायदे मंडळात होते. नागरिकांच्या प्रतिनिधींना शहराच्या कारभारात मानाची जागा मिळावी म्हणून त्यांनी जोर लावला आणि बरंच मिळवलंही. मात्र कारभार प्रत्यक्ष चालवण्याचा अधिकार आयुक्ताच्या हाती राहिला आणि आयुक्त नेमायचा सरकारने. हा सांगाडा आजही टिकून आहे. नगरसेवक वॉर्ड ऑफिसात भांडतो, पण आयुक्ताची नेमणूक आणि बदली मंत्रालयात होते. मंत्रालयात ज्याचा शब्द चालतो त्याच्याकडे माणूस जाणारच.

स्वातंत्र्यानंतर घराचा प्रश्नही राज्याच्या हाती गेला, आणि माझ्या मते खरा बदल इथे झाला. भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ चा. गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करेनात, चाळींना लाकडी टेकू लागले, पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि शहरातल्या १९,६४२ जुन्या इमारती उपकराखाली, म्हणजे सेसखाली आल्या. गिरगाव, लालबाग, माझगावात ‘सेसची बिल्डिंग’ हा शब्द तेव्हापासून घरोघरी आहे. इमारत धोकादायक ठरली की तात्पुरत्या घरांचं संक्रमण शिबिर, आणि तिथून परत येण्याची वाट पाहण्यात कैक कुटुंबांची एक पिढी गेली. १९७१ मध्ये झोपडपट्टी कायदा आला, १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली, झोपडीधारकांना ओळखीसाठी फोटोपास मिळाले. म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, हीही त्याच काळातली. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण उभं राहिलं आणि ‘१ जानेवारी १९९५ पूर्वीचे’ हे शब्द वस्तीतल्या माणसाच्या नशिबाला चिकटले, कारण झोपडी त्याआधीची असेल तरच तो पुनर्वसनाच्या घराला पात्र. पुढे ती तारीख २००० पर्यंत सरकली. पात्र की अपात्र हे ठरवणारे नियम राज्य सरकारचे आहेत. रेशन आणि पोलीसही राज्याकडेच. नळाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या पिशवीत खाली फोटोपास, वीजबिलं आणि जुना मतदार यादीतला उतारा असतो, तो यामुळे.

या काळात उपनगरात मृणाल गोरे काम करत होत्या. गोरेगाव बृहन्मुंबईत आलं १९५७ साली, त्यामुळे लोकवस्ती आधी आणि पाण्याची वाहिनी नंतर अशी अवस्था होती. मृणालताई १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या, बायकांना घेऊन हंडे वाजवत महापालिकेवर गेल्या आणि ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १९७२ मध्ये त्या विधानसभेत पोहोचल्या. महागाईविरोधात अहिल्या रांगणेकरांसारख्या कार्यकर्त्यांसोबत काढलेला लाटणे मोर्चा त्याच वर्षांतला. १९८५ मध्ये त्या पुन्हा आमदार झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी अशासकीय विधेयक आणलं आणि १९८८ साली महाराष्ट्र असा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य ठरलं. नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालची जमीन गरिबांच्या घरांना मिळावी म्हणून बाबूराव सामंतांबरोबर त्या वर्षानुवर्षं झगडल्या. दिंडोशीची नागरी निवारा वसाहत त्यातून उभी राहिली, सुमारे सहा हजार घरांची. गल्लीतल्या बाईचं दुखणं सभागृहाच्या भाषेत कसं आणायचं, हे त्यांच्याइतकं मुंबईत क्वचितच कोणाला साधलं.

दुसरी वाट शाखेची. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि नाक्यानाक्यावर शाखा उघडल्या. नोकरीचा अर्ज, नवरा-बायकोचं भांडण, शेजाऱ्याने अडवलेली वाट, सगळं शाखेत. ऑक्टोबर १९७० च्या परळच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले. कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा त्याच वर्षी जूनमध्ये खून झाला होता, त्या रिकाम्या जागेसाठीची ही निवडणूक. शाखेची ही पद्धत पुढे सगळ्याच पक्षांनी उचलली. आजचं जनसंपर्क कार्यालय हे तिचंच रूप आहे. जूनमधलं वह्यावाटप, रक्तदान शिबिर, रुग्णवाहिका, दहीहंडी, सारं त्यात आलं.

त्यात आमदार निधीची भर पडली. मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तो वर्षाला पाच कोटी झाला. हे पैसे आमदाराच्या हाती येत नाहीत. तो काम सुचवतो, जिल्हाधिकारी मंजुरी देतो आणि महापालिका, म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ किंवा सार्वजनिक बांधकाम खातं ते करतं. शौचालय, समाजमंदिर, व्यायामशाळा, पायवाट, लादीकरण. चिंचोळ्या गल्लीत पावसाळ्यात चिखल तुडवलेल्या माणसाला त्या लादीची किंमत ठाऊक असते, म्हणून मी या कामांना कमी लेखणार नाही. मला खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. पाटी लागते ती लादीला. सभागृहात मांडलेल्या तारांकित प्रश्नाला किंवा लक्षवेधी सूचनेला पाटी लागत नाही, म्हणून मतदारही त्याबद्दल विचारेनासा झाला. वस्तीत पाणी का येत नाही याचं उत्तर धोरणात असेल, तर टँकर पाठवून ते बदलत नाही. २००० नंतरच्या झोपड्यांनाही पाणी द्या, हे डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, तेही पाणी हक्क समितीने दाद मागितल्यावर. तो विषय आधी सभागृहातून धसास लागायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. पुढची जवळपास चार वर्षं मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. तुंबलेलं गटार, बंद दिवा, पडायला आलेलं झाड, सगळे अर्ज आमदारांच्या टेबलावर येऊ लागले. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झालं आणि २२७ प्रभागांना पुन्हा त्यांचा माणूस मिळाला. गटार आणि दिव्याचे अर्ज आता तिकडे वळतील. संक्रमण शिबिरातल्या कुटुंबाचा, अपात्र ठरलेल्या झोपडीधारकाचा आणि निधीतून मागितलेल्या शौचालयाचा अर्ज मात्र आमदाराकडेच राहील. म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि उपनगर जिल्हाधिकारी या तिन्ही कचेऱ्या वांद्रे पूर्वेला आहेत, आणि तिथल्या खिडकीवर आमदाराचं पत्र हाती धरून उभी असलेली माणसं आजही रोज दिसतात.