दोन निर्वासित संस्था आणि यार्मूकचा पियानो

गाझाच्या बातमीत 'संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था' असं येतं, सीरियाच्या बातमीतही तेच. संस्था मात्र दोन आहेत: यूएनआरडब्ल्यूए आणि यूएनएचसीआर. आद्याक्षरांच्या या खिचडीत वाचक गोंधळला तर त्याचा काय दोष?

पहिली डिसेंबर १९४९ मध्ये स्थापन झाली, १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात घरदार गमावलेल्या पॅलेस्टिनींसाठी. तात्पुरती म्हणून काढलेली. मुदतवाढ घेत घेत तिने पंचाहत्तरी ओलांडली. कार्यक्षेत्र पाचच: जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, वेस्ट बँक, गाझा. ती शाळा आणि दवाखाने चालवते. २०१३ ची 'अरब आयडॉल' ही गाण्याची स्पर्धा जिंकणारा मोहम्मद असाफ गाझातल्या खान युनिसच्या छावणीत वाढला, तिच्याच शाळेत शिकला. दुसऱ्या देशात कायमचं वसवणं मात्र तिच्या हातात नाही.

ते काम यूएनएचसीआरचं. ती १९५० ची, बाकी जगासाठी. आश्रयाचा हक्क, मायदेशी परतणं, तिसऱ्या देशात पुनर्वसन हे तिचे विषय. (निर्वासितपण पुढच्या पिढीकडे फक्त पॅलेस्टिनींचंच जातं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. यूएनएचसीआरही निर्वासितांच्या मुलांना निर्वासितच धरते.)

१९५१ च्या निर्वासित करारात या दोघींमधली भिंत लिहूनच ठेवली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या संस्थेची मदत ज्यांना मिळते त्यांना हा करार लागू नाही. ती मदत थांबली तर लागू होतो. म्हणून दमास्कसमधले दोन शेजारी एकाच तोफगोळ्याला घाबरून लेबनॉनला पळाले, तर सीरियन माणूस यूएनएचसीआरच्या दारात आणि पॅलेस्टिनी यूएनआरडब्ल्यूएच्या.

ऐहम अहमद हा पियानोवादक दमास्कसच्या यार्मूक या पॅलेस्टिनी छावणीतला, निर्वासितांच्या घरातला. सीरियातल्या यादवी युद्धात यार्मूकला वेढा पडून उपासमार चालू असताना तो गाडीवर पियानो ढकलत पडक्या गल्ल्यांत आणायचा, आसपासच्या पोरांना घेऊन गायचा. एप्रिल २०१५ मध्ये इसिसच्या लोकांनी तो पियानो जाळला. ऐहम निघाला. तुर्कस्तानात पाऊल ठेवलं तिथेच यूएनआरडब्ल्यूएची हद्द संपली. माणूस तोच, पण आता विषय दुसऱ्या संस्थेचा. पुढे ग्रीस, बाल्कन देश, जर्मनी. त्याच वर्षी बॉनमध्ये त्याला बेथोवनच्या नावाचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला. बायको-मुलं तेव्हा अजून सीरियातच होती.