सॅकची मोजदाद सुरू व्हायला १९८२ उजाडलं

ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाचं मैदान पावसानं चिखलात गेलं होतं, म्हणून अमेरिकन फुटबॉलचा सराव पार्किंगच्या खडीवर चालला होता. एक उंच, सडपातळ लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी, समोरच्याला पाडायला सूर मारून त्या खडीवर आपटला. उठला, हाताच्या कातडीत रुतलेले खडे उपटत उपटत परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. त्याचं नाव जॅक लॅम्बर्ट. मधल्या लाइनबॅकरसाठी त्याचं वजन कमी, असं अनेकांचं मत होतं. पिट्सबर्ग स्टीलर्स या संघानं मात्र १९७४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडायच्या सोहळ्यात, दुसऱ्या फेरीत त्याला घेतलं आणि १९९० मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, गेला. ती खडीची गोष्ट स्टीलर्सची मंडळी पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिली.

अमेरिकन फुटबॉलमधला बचावपटू पारखणं इतकं अवघड का, याचं उत्तर इतिहासात आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगचा पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांची: सर्वांत तळाच्या संघानं सर्वांत आधी निवडायचं. फळ्यावर ९० नावं होती, नऊ संघांनी ८१ निवडली. पगारी स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, कोणाकडेच नव्हता. वर्तमानपत्रं आणि ओळखीपाळखी, एवढंच भांडवल. शिवाय तेव्हा तोच गडी चढाईलाही खेळे आणि बचावालाही. एनएफएलमध्ये हवे तेवढे बदली खेळाडू उतरवायची कायमची मुभा १९५० मध्ये मिळाली, कॉलेजांत तर १९६० च्या दशकाच्या मध्यावर. ‘निव्वळ बचावपटू’ ही जातच उशिरा जन्माला आली.

पूर्ण वेळ फिरणारा स्काउट प्रथम ठेवला तो लॉस एंजेलिस रॅम्सनं, १९४६ मध्ये एडी कोटल यांच्या रूपानं. तरीही नजरेतून माणसं सुटतच होती. १९५२ मध्ये डिक लेन नावाचा तरुण कात्रणांची वही घेऊन स्वतःच रॅम्सच्या कचेरीत गेला. त्या पहिल्याच हंगामात, १२ सामन्यांत, त्यानं प्रतिस्पर्ध्यांचे १४ पास हिसकावले. हा विक्रम अजून अबाधित आहे.

मग डॅलस काउबॉइजनं संगणक आणला, आणि इथे आपल्याला अभिमान वाटावा असा धागा आहे. १९६० च्या दशकात त्यांची निवडपद्धत बसवली ती भारतातून गेलेले संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांनी. त्यांना क्रिकेट माहीत होतं, हा खेळ नाही. प्रशिक्षकांशी बोलून बोलून त्यांनी शेकडो विशेषणं गाळत आणली. वजन-वेगाखेरीज पाच गुण उरले: चारित्र्य, चपळाई व शरीरावरचा ताबा, ईर्ष्या, बुद्धीची तरतरी आणि ताकद. यांतले निम्मे गुण आजही स्टॉपवॉचनं मोजता येत नाहीत, आणि माझ्या मते पारखीचं खरं काम तिथूनच सुरू होतं.

कारण बचावाचा हिशेब वहीत उतरतच नव्हता. कबड्डीत कोपरा आपली जागा इतकी घट्ट धरतो की चढाईवाला त्या बाजूला फिरकतच नाही. त्याचा गुण कोणाच्या नावावर लागतो? फुटबॉलमध्येही तसंच. क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्या सूत्रधाराला, पास टाकण्याआधीच आडवं करणं म्हणजे सॅक. हा शब्द रूढ केला डीकन जोन्सनं, जो १९६१ मध्ये थेट चौदाव्या फेरीत निवडला गेला होता. पण एनएफएलनं खेळाडूंच्या सॅकची अधिकृत मोजदाद सुरू केली १९८२ मध्ये, जोन्स निवृत्त झाल्यावर कित्येक वर्षांनी.

त्याच वर्षी टॅम्पात ‘कम्बाइन’ची, म्हणजे ड्राफ्टआधीच्या सामूहिक चाचण्यांची, सुरुवात झाली. १९८७ पासून ते इंडियानापोलिसमध्ये भरतं. ४० यार्डांची धाव, उभ्या जागेवरून उडी, १०२ किलोंचं वजन छातीवरून किती वेळा उचलता येतं, असं सगळं एकाच ठिकाणी. बॉस्टन कॉलेजचा माइक मामुला १९९५ मध्ये नेमक्या याच चाचण्यांची तयारी करून उतरला. ११० किलोंवरचा गडी ४० यार्ड ४.५८ सेकंदांत धावला. ईगल्सनं टॅम्पा बेशी सौदा करून सातव्या क्रमांकावर त्याला उचललं. त्या सौद्यात टॅम्पाला बारावा क्रमांक आणि दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी मिळाल्या. बाराव्यावर त्यांनी वॉरन सॅपला घेतलं. मग दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी डॅलसला देऊन ते पहिल्या फेरीत पुन्हा आले आणि डेरिक ब्रुक्स मिळवला. मामुला काही वाईट खेळला नाही, ३१.५ सॅक त्याच्या नावावर आहेत. पण सॅप आणि ब्रुक्स दोघेही हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले.

उंचीची अढी तर त्यानंतरही गेली नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनाल्ड २०१३ च्या हंगामात कॉलेजमधले बचावाचे मोठमोठे पुरस्कार घेऊन आला. पण सहा फूट एक इंच म्हणजे आतल्या फळीसाठी बुटकाच, असा सूर निघाला. कम्बाइनमध्ये तो ४.६८ सेकंदांत धावला, तरी २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी बारा नावं पुकारली गेली. तेराव्यावर रॅम्सनं त्याला घेतलं. २०२४ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यात १११ सॅक होते.