अ‍ॅनिमेशन परिषद: कोणता पास, कशी रील

खान्देशातून अ‍ॅनिमेशनच्या परिषदेला निघालेल्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न पडतो तो पासचा. त्याचं उत्तर या परिषदा कशा घडल्या त्यात आहे. संगणकावरच्या चित्रकलेची आणि अ‍ॅनिमेशनची मोठी परिषद म्हणजे सिग्ग्राफ. तिचं पहिलं अधिवेशन 1974 मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर शहरात भरलं. जेमतेम सहाशे लोक, बहुतेक संशोधक. दोन वर्षांनी फिलाडेल्फियात यंत्रं आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं प्रदर्शन जोडलं गेलं. म्हणून आजही फक्त प्रदर्शनाचा पास स्वस्त असतो, पण त्यावर शोधनिबंधांच्या सत्रांना बसता येत नाही. शिकायचं असेल तर महागडा पास लागतो. स्टुडिओवाल्यांना भेटायचं असेल, तर प्रदर्शनाचा बहुतेकदा पुरतो.

या मेळ्यांना रोजगाराचं वळण कसं लागलं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 1980 चं आहे. बोइंगमध्ये काम करणाऱ्या लॉरेन कार्पेंटर यांनी सिएटलच्या परिषदेत फ्रॅक्टल गणिताने (म्हणजे एकच आकार लहान-लहान होत पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनांच्या गणिताने) संगणकावर उभारलेल्या डोंगरांवरून उडणारी दोन मिनिटांची फिल्म दाखवली. त्या काळच्या व्हॅक्स संगणकावर एकेक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे तिचं चित्र तयार व्हायला, वीस ते चाळीस मिनिटं लागत. ती फिल्म बघूनच ‘स्टार वॉर्स’ काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने त्यांना कामावर घेतलं. दोन मिनिटांत कसब दाखवायचं, ही रीत तेव्हापासून पक्की आहे.

आपल्याकडेही अशी नजर होतीच. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी टेबलावर छोटे देखावे मांडून, प्रकाश नेमका पाडून, खऱ्या निसर्गासारखे भासणारे फोटो काढले. लायटिंग शिकणाऱ्याने मुंबई गाठण्याआधी चाळीसगावला उतरून ते बघावेत, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

सिग्ग्राफची आशियातली परिषद, सिग्ग्राफ एशिया, 2008 मध्ये सिंगापूरला सुरू झालं, तेव्हा आशियातल्यांची वाट जवळ आली. मे 2025 मध्ये मुंबईत केंद्र सरकारची माध्यम आणि मनोरंजन क्षेत्राची वेव्हज परिषद झाली आणि जळगावकरांसाठी तर हा प्रवास रात्रीच्या गाडीवर आला. धुळ्याहून चाळीसगावला येऊन मुख्य मार्ग धरता येतो. नंदुरबारकरांना सुरतवरून जावं लागतं.

रील, म्हणजे स्टुडिओवाल्यांना दाखवायची आपल्या कामाची छोटी फिल्म, साठ ते नव्वद सेकंदांची करा आणि सगळ्यात दमदार शॉट पहिला ठेवा. ट्यूटोरियल बघून जसाच्या तसा केलेला शॉट घालू नका. असा शॉट स्टॉलवरचा माणूस लगेच ओळखतो, कारण तसे अनेक शॉट त्याने पाहिलेले असतात. फाइल एच.264 या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारात, एमपी4 मध्ये, 1080 पीमध्ये काढा. एच.265 या नव्या प्रकाराची फाइल काही लॅपटॉपवर उघडतच नाही. ईएक्सआर या रेंडरच्या चित्र-फाइलवरून व्हिडिओ काढताना तिच्यातले लिनियर (प्रकाशाच्या प्रमाणातले) रंग पडद्यासाठीच्या एसआरजीबी रंगांत बदलायचे राहिले, तर मध्यम छटा काळवंडतात. हा बदल दोनदा केला गेला, तर सगळं फिकट पांढुरकं दिसतं. गूगल ड्राइव्हच्या लिंकवर विसंबू नका, गर्दीत नेटवर्क कोलमडतं. फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर एकेक प्रत असू द्या. दार उघडल्यावर पहिल्या तासातच स्टॉल गाठा. दुपारनंतर तिथे दोन मिनिटंसुद्धा कुणी देऊ शकत नाही.