आतडे–मेंदू अक्ष आणि मेंदूचे विकार

आतडे, त्यातील सूक्ष्मजीव, शरीराची प्रतिकारयंत्रणा आणि मेंदू यांच्यात दोन्ही दिशांनी सतत चालणाऱ्या संदेशवहनाला आतडे–मेंदू अक्ष म्हणतात. या अक्षातील बिघाडाचा कंपवात (पार्किन्सन विकार), अल्झायमर विकार आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (प्रतिकारयंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण पोखरते तो विकार) यांच्या उद्भवाशी कितपत संबंध आहे, एवढाच प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. पुरावा सर्वांत दाट कंपवाताबाबत असल्यामुळे नोंदीचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

रचना : अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींची दोन जाळी असतात. स्नायूंच्या दोन थरांमधील औअरबाख जाळे आतड्याची हालचाल घडवते, तर त्याच्या आतील बाजूचे माइसनर जाळे स्राव व स्थानिक रक्तप्रवाह सांभाळते. या मज्जापेशींची संख्या १० ते ५० कोटींच्या दरम्यान धरली जाते. त्यांना मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस तंत्रिकेला मराठी परिभाषेत प्राणेशा तंत्रिका असे सार्थ नाव आहे. तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू आतड्याकडून मेंदूकडे खबर नेतात. हुकूम खाली आणणारे तंतू त्या मानाने थोडे आहेत. मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनापैकी सुमारे ९० टक्के पचनमार्गात तयार होते, पण रक्त–मेंदू अडसर (रक्तातील बहुतेक द्रव्ये मेंदूबाहेर रोखणारी केशवाहिन्यांची भिंत) ओलांडून ते मेंदूत शिरत नाही. त्यामुळे ‘पोटात आनंदाचे रसायन बनते’ हे लोकप्रिय विधान शब्दशः घेऊ नये. शरीरातील जिवाणू मानवी पेशींच्या दसपट असतात, हेही विधान असेच सैल आहे. २०१६ मधील फेरमोजणीनुसार दोहोंचे प्रमाण जवळपास सारखे आहे.

कंपवाताच्या उगमाचा वाद : लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे कंपवाताचे वर्णन केले, तेव्हाच त्यांनी मंदावलेल्या कोठ्याची नोंद केली होती. पुढे दीर्घकाळ मलावरोध हा रोगाचा किंवा अंथरुणाला खिळण्याचा परिणाम समजला गेला. ही समजूत हलली ती होनोलुलू येथील पाहणीमुळे. सुमारे ६,८०० मध्यमवयीन व वृद्ध पुरुषांच्या या पाहणीत, ज्यांना रोज एकदाही शौचास होत नव्हते त्यांच्यात, रोज एकदा होणाऱ्यांच्या तुलनेत, पुढील काळात कंपवात होण्याचे प्रमाण अडीचपटीहून अधिक आढळले. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मलावरोध हात थरथरण्याच्या पुष्कळ वर्षे आधी येऊ शकतो, हे आता सर्वमान्य आहे. मात्र पूर्वलक्षण म्हणजे कारण नव्हे.

कंपवातात मज्जापेशींत दिसणारी पिंडके फ्रीड्रिख लेव्ही यांनी १९१२ मध्ये वर्णिली. अल्फा-सिन्यूक्लीन या चुकीच्या घडीत बसलेल्या प्रथिनाने ती बनतात, हे १९९७ मध्ये कळले. या आधारावर जर्मन शरीरविद हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये असे मांडले की, बाहेरून आलेला कोणता तरी घटक आधी आतड्यातील जाळ्यात किंवा नाकाकडून वासाचे संदेश घेणाऱ्या मेंदूतील गंधकंदात विकृती सुरू करतो. ती प्राणेशा तंत्रिकेच्या वाटेने मस्तिष्कस्तंभात (मेंदूच्या तळाच्या देठात) चढते आणि बऱ्याच काळाने मध्यमेंदूतील कृष्णद्रव्यापर्यंत, म्हणजे हालचालींसाठी लागणारे डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यापर्यंत, पोहोचते. कंप व ताठरपणा दिसू लागतो तो या शेवटच्या टप्प्यावर. प्राण्यांवरील प्रयोगांनी या वाटेला दुजोरा दिला आहे. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे उंदरांच्या आतड्याच्या भिंतीत विकृत प्रथिन टोचले असता ते मेंदूपर्यंत पोहोचले, पण प्राणेशा तंत्रिका आधीच कापलेल्या उंदरांत पोहोचले नाही.

माणसांत असा प्रयोग करता येत नाही; तथापि जठरव्रणावरील औषधे येण्यापूर्वी हीच तंत्रिका कापण्याची शस्त्रक्रिया सर्रास होत असे, आणि त्या जुन्या रुग्णांच्या नोंदी स्कँडिनेव्हियात शाबूत होत्या. २०१५ मधील डॅनिश अभ्यासात तंत्रिकेचे मुख्य खोड कापलेल्यांना कंपवाताचा धोका कमी दिसला. त्याच देशातील नोंदींच्या दुसऱ्या विश्लेषणाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. २०१७ मधील स्वीडिश अभ्यासात एकूण फरक ठाम नव्हता, फक्त खोड कापून पाच वर्षे उलटलेल्यांत घट जाणवली. अपेंडिक्स काढलेल्यांबाबत तर परस्परविरुद्ध निष्कर्ष एका वर्षाच्या अंतराने आले : २०१८ मध्ये स्वीडनमधील नोंदींत धोका घटलेला, तर २०१९ मध्ये अमेरिकेतील विश्लेषणात वाढलेला.

ब्राक यांच्या मताविरुद्धचा सबळ आक्षेप शवविच्छेदनातून येतो. काही मृत रुग्णांच्या मेंदूत वरच्या भागात विकृती असून प्राणेशा तंत्रिकेचे केंद्र कोरे आढळते. उलट मेंदू स्वच्छ आणि विकृती केवळ आतड्यात, अशी उदाहरणे जवळजवळ सापडलेली नाहीत. डेन्मार्कमधील पेर बोर्गहामर व सहकाऱ्यांनी यातून मध्यममार्ग सुचवला. त्यांच्या मते रोगाचे दोन प्रकार असावेत : एक शरीरातून मेंदूकडे जाणारा, ज्यात मलावरोध आणि झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडण्याचा विकार आधी दिसतो, आणि दुसरा मेंदूतच सुरू होणारा. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

आयुर्वेदीय आधाराचा प्रश्न : वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात वाताची स्थाने सांगताना पक्वाशयाला (मोठ्या आतड्याला) विशेष स्थान दिले आहे. वाग्भटाचा काळ बहुधा सातवे शतक धरतात. काही अभ्यासक तो थोडा मागे नेतात. माधवनिदान या रोगनिदानावरील ग्रंथात सर्वांगाला व डोक्याला कंप आणणाऱ्या वायूला ‘वेपथु’ म्हटले आहे; ‘कंपवात’ हे नाव त्यानंतर रूढ झालेले दिसते. वाई-सातारा-सांगलीकडील वैद्यपरंपरेत अष्टांगहृदय मुखोद्गत असल्याने, ब्राक यांचे मत म्हणजे त्याच वचनाचा पुनरुच्चार होय, असे प्रतिपादन येथे सहज केले जाते. साम्य लक्षवेधी आहे, हे खरेच. परंतु ‘वात’ ही संकल्पना मज्जातंतूंपुरती मर्यादित नाही, आणि पक्वाशयातून डोक्याकडे चढणारी एखादी विशिष्ट विकृती त्या वचनात सांगितलेली नाही. त्यापेक्षा खाजकुइलीच्या बियांचा संबंध अधिक भक्कम आहे : वातविकारांत वापरल्या जाणाऱ्या या बियांमधून १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी लेव्होडोपा वेगळे केले, आणि तेच द्रव्य १९६० च्या दशकापासून कंपवाताचे मुख्य औषध ठरले.

सूक्ष्मजीवांचा वाटा : चोथायुक्त अन्न मोठ्या आतड्यात आंबवून जिवाणू ब्युटिरेटसारखी लघुशृंखल मेदाम्ले बनवतात. ही अम्ले आतड्याचे अस्तर घट्ट ठेवतात. कंपवाताच्या रुग्णांत ती बनवणारे जिवाणू कमी आढळतात. हेलसिंकीतील २०१५ च्या अभ्यासात प्रिव्होटेला कुलातील जिवाणू निरोगी व्यक्तींच्या तुलनेत तीन-चतुर्थांशाहून अधिक घटलेले होते. मात्र कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये कंपवाताची प्रवृत्ती असलेल्या, जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांना हीच अम्ले दिली असता लक्षणे बळावली. रुग्णांत अम्लांची उणीव आणि उंदरांत त्यांचाच अपाय, या विसंगतीचा उलगडा झालेला नाही. निरोगी दात्याचे मल-सूक्ष्मजीव रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या २०२४ मधील चाचण्यांतही एकवाक्यता नाही : बेल्जियममधील गेंट येथे हालचालींत माफक सुधारणा दिसली, फिनलंडमध्ये दिसली नाही. रुग्णाच्या दृष्टीने निकटची बाब वेगळीच आहे. एंटरोकॉकस फिकॅलिस हा आतड्यातील जिवाणू लेव्होडोपा मेंदूत पोहोचण्याआधीच त्याचे डोपामिनमध्ये रूपांतर करू शकतो, हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले; हे रूपांतर मेंदूत व्हावे लागते, कारण बाहेर बनलेले डोपामिन मेंदूत शिरत नाही. डाळ, अंडी यांतील प्रथिनांचे घटकही त्याच औषधाशी शोषणाच्या वेळी स्पर्धा करतात. म्हणून गोळी बहुधा जेवणापासून अंतर राखून घ्यावयास सांगतात.

इतर विकार : अल्झायमर विकाराची प्रवृत्ती असलेले उंदीर जिवाणूविरहित वाढवले असता त्यांच्या मेंदूत अमिलॉइड या त्या विकारातील प्रथिनाचे थर कमी साचतात. सूक्ष्मजीवांवर परिणाम करते असे सांगितलेल्या एका समुद्रशैवालजन्य औषधाला चीनमध्ये २०१९ मध्ये सशर्त मान्यता मिळाली, पण त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये थांबवण्यात आली. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये प्रतिकारपेशींची दिशा आतड्यात ठरत असावी, असे प्राणिप्रयोगांवरून वाटते.

सांगली–सातारा भागाच्या संदर्भात : युरोपीय निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पुण्याच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवल्यानुसार भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला मुळातच विपुल असतो, आणि धान्य-कडधान्यप्रधान आहाराशी त्याचा संबंध जोडला जातो. माण-खटाव व जत भागातील ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, कोरेगावचा वाघ्या घेवडा हा आहार चोथ्याने समृद्ध आहे. त्यामुळे मलावरोध टळण्यास मदत होते, पण कंपवात टळतो असे त्यावरून म्हणता येत नाही. कीटकनाशकांचा मुद्दा अधिक गंभीर आहे. शेतीतील फवारणीशी सततचा संपर्क आणि कंपवात यांचा संबंध अनेक देशांतील पाहण्यांत दिसला आहे, आणि २०१० मध्ये जर्मनीत उंदरांच्या जठरात रोटेनोन हे कीटकनाशक थेट सोडले असता विकृती आतड्यापासून वर सरकलेली आढळली. तासगावसारख्या द्राक्षपट्ट्यात, जेथे हंगामभर औषधे मारावी लागतात, तोंड-नाक झाकणे व फवारणीनंतर हात धुऊनच जेवणे याला म्हणूनच केवळ विषबाधेपुरता अर्थ नाही.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांत ती साठवण्याची रीत त्याहून फार जुनी. तिच्यातील कुर्क्युमिन स्मृतिभ्रंशावर गुणकारी असल्याचा बोलबाला आहे, पण अल्झायमर रुग्णांना ते २४ आठवडे देऊन केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लाभ दिसला नाही आणि रक्तातील त्याचे प्रमाण अत्यल्प राहिले. शोषले न गेलेले कुर्क्युमिन मोठ्या आतड्यात उतरते, आणि तेथे एशेरिकिया कोलाय या जिवाणूचे एक विकर त्याचे रूपांतर वेगळ्या संयुगात करते, असे जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले आहे.