पुसली गेलेली कड

छातीचा एक्स-रे हातात आला की आपण त्यात पांढरा डाग शोधतो. रेडिओलॉजिस्ट मात्र आधी कडा बघतो. हृदयाची डावी-उजवी बाजू, श्वासपटलाचे दोन घुमट, तळाशी दोन्हीकडचे टोकदार कोपरे. यांतली एखादी कड जागेवर नसेल, तर तिथे काहीतरी बिनसलेलं असण्याची शक्यता असते.

हृदयाची कड मुळात दिसते ती शेजारच्या हवेमुळे. हवा क्ष-किरणांना फारशी अडवत नाही, म्हणून फुप्फुस काळं दिसतं. हृदय, रक्त, पाणी, पू यांची छटा जवळजवळ एकच. न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेची जागा द्रवाने घेतली, की हृदयालगतची सीमारेषाच पुसली जाते. बेंजामिन फेल्सन या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने १९५० मध्ये ही खूण नावारूपाला आणली. तिच्यावरून आजाराचा पत्ताही लागतो. हृदयाची उजवी कड गेली तर बहुधा उजव्या फुप्फुसाचा मधला खंड. ती शाबूत असून उजव्या श्वासपटलाची कड गेली, तर खालचा. सपाट चित्रातून खोली ओळखण्याची ही युक्ती मला आजही चकित करते.

छातीत पाणी झालं की तळाचा टोकदार कोपरा बोथट होतो. पण उभं राहून समोरून काढलेल्या फिल्ममध्ये त्यासाठी साधारण २०० मिलिलिटर पाणी साठावं लागतं. त्याहून कमी असेल तर ते सहज निसटतं. फुप्फुसाबाहेर हवा शिरली की उलट घडतं: एक बारीक नवी रेषा उमटते आणि तिच्यापलीकडे रक्तवाहिन्यांची जाळीच नसते.

हृदयाच्या बाबतीत पहिलं माप रुंदीचं. प्रौढांमध्ये ती छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर हृदय मोठं झाल्याची शंका येते. मात्र घाबरण्याआधी फिल्म कशी काढली ते विचारावं. खाटेवर झोपवून, किरण पुढून सोडून काढली असेल, तर हृदय फिल्मपासून लांब पडतं आणि त्याची सावली फुगते.

हृदय दुबळं पडून रक्त मागे तुंबलं, तर आधी फुप्फुसाच्या वरच्या भागातल्या शिरा ठसठशीत होतात. मग तळाशी, बाहेरच्या कडेला, सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच्या आडव्या बारीक रेघा उमटतात. पीटर कर्ली या आयरिश डॉक्टरने १९३३ मध्ये त्यांचं वर्णन केलं. द्रव वायुकोशांत उतरला, की मध्यापासून दोन्हीकडे वटवाघळाच्या पंखांसारखी पांढुरकी छाया पसरते.

एवढं सांगणाऱ्या या फिल्ममध्ये हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांमधला अडथळा मात्र दिसत नाही. हृदयविकाराचा झटका आलेला असतानाही एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. त्यासाठी ईसीजी आणि रक्ताची तपासणीच लागते.