बव्हेरियातल्या गावाला स्वतःचं मानचिन्ह आणि ध्वज हवा असेल तर: पात्रता, कागदपत्रं, प्रक्रिया

जर्मनीत गावांच्या मानचिन्हांसाठी, म्हणजे ढालीच्या आकारात काढलेल्या अधिकृत चिन्हांसाठी, देशभर लागू असा एकच नियम नाही. प्रत्येक राज्याचा स्थानिक स्वराज्य कायदा वेगळा, त्यामुळे रीतही वेगळी. इथे माहिती दिली आहे ती बव्हेरियाची. तिथल्या गेमाइंडेऑर्डनुंग या कायद्याचं चौथं कलम मानचिन्ह आणि ध्वजाबद्दल आहे. ते अगदी छोटं आहे, तरी गावाचं स्वातंत्र्य आणि इतिहासाची शिस्त या दोन्हींना त्यात जागा मिळाली आहे.

पात्रता फक्त गेमाइंडेला, म्हणजे निवडून आलेली परिषद आणि महापौर असलेल्या स्थानिक संस्थेला असते. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीशी किंवा नगरपंचायतीशी तिचं बरंच साम्य आहे. लोकसंख्येची अट नाही. गावकरी, एखादं मंडळ किंवा अग्निशमन दलाची संस्था कल्पना सुचवू शकते, पण निर्णय परिषदेचाच. पूर्वापार चालत आलेलं चिन्ह असेल तर ते पुढे वापरायला नव्याने कुणाला विचारावं लागत नाही. नवं चिन्ह घेताना किंवा जुन्यात बदल करताना मात्र पुढची प्रक्रिया पार पाडावी लागते.

एक अडचण नेहमी पुढे येते. 1970च्या दशकातल्या पुनर्रचनेत बव्हेरियातल्या सुमारे 7,000 गेमाइंडेंच्या जेमतेम 2,000 उरल्या. त्यात विलीन झालेलं गाव आज फक्त एका मोठ्या गेमाइंडेचा भाग आहे, त्यामुळे त्याचं जुनं चिन्ह आता अधिकृत राहिलेलं नाही. तिथल्या लोकांना त्या चिन्हाबद्दल अजूनही फार जिव्हाळा असतो, आणि तो योग्यच आहे. पण नवी मागणी करायची तर ती एकत्रित गेमाइंडेच्या परिषदेमार्फतच करावी लागते.

स्वतःचं चिन्ह नसलं म्हणून कामकाज अडत नाही. अशा गेमाइंडेच्या सरकारी शिक्क्यात राज्याचं लहान चिन्ह असतं: पांढऱ्या-निळ्या शंकरपाळ्यांची ढाल आणि वर मुकुट. स्वतःचं चिन्ह घेतलं की शिक्क्यात ते येतं. शिक्का प्रत्येक अधिकृत कागदावर उमटतो, म्हणून हे काम केवळ सजावटीचं समजू नये.

पहिलं पाऊल परिषदेत चर्चा करून ठराव घेण्याचं. त्यानंतर इतिहासाची सामग्री गोळा करायची, आणि सर्वाधिक वेळ इथेच द्यावा असं माझं ठाम मत आहे. जुने शिक्के, जमीनदार घराण्यांची किंवा मठांची चिन्हं, चर्चचे संरक्षक संत, गावाच्या नावाचा उगम, नदी, खाण, जुना व्यवसाय: यातलं जे खरोखर आपल्याच गावाचं आहे ते शोधायचं. श्वांगाऊ या गावाचं उदाहरण बघा. लाल ढालीवर एक रुपेरी हंस, बस्स. हे तिथल्या सरदार घराण्याचं चिन्ह, आणि त्या घराण्यातला कवी हिल्टबोल्ट याच्या चित्रासोबत ते चौदाव्या शतकातल्या कोडेक्स मानेसे या हस्तलिखितातही दिसतं. मुर्नाऊ या गावाच्या ढालीवर हिरवा ड्रॅगन आहे. दोन्ही चिन्हं लांबून क्षणात ओळखू येतात. चर्च, डोंगर, गव्हाची लोंबी, कारखान्याचं चाक आणि वर स्थापनेचं वर्ष असं सगळं एकाच ढालीत कोंबलं की त्यातलं काहीच लक्षात राहत नाही.

ढालशास्त्राचे, म्हणजे अशी मानचिन्हं रचण्याच्या शास्त्राचे, नियमही आधीच समजून घ्यावेत. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’, तर लाल, निळा, हिरवा, काळा हे ‘रंग’. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही. चित्रात सोनेरीऐवजी पिवळा आणि रुपेरीऐवजी पांढरा चालतो. ढालीवर अक्षरं, आकडे, निसर्गदृश्यं टाळावीत. ढालीच्या शब्दांतल्या वर्णनातली उजवी बाजू ढाल हातात धरणाऱ्याची असते, म्हणजे बघणाऱ्याची डावी. चित्रकाराला हे माहीत नसेल तर अख्खं रेखाटन उलटं होतं. म्हणून कल्पना शाळेतल्या मुलांकडून जरूर मागवाव्यात, पण अंतिम रेखाटन या विषयातल्या जाणकाराकडूनच करून घ्यावं.

आता कायद्याने बंधनकारक असलेला टप्पा. गेमाइंडेने बव्हेरियाच्या राज्य पुराभिलेखागारांच्या महासंचालनालयाचा सल्ला घ्यायलाच हवा. हे कार्यालय म्युनिकमध्ये आहे. पाठवायच्या कागदांत साधारणपणे परिषदेचा ठराव, ऐतिहासिक टिपण व त्याचे आधार, रंगीत मसुदा (शक्यतो पर्यायांसह) आणि ढालीचं शब्दांतलं नेमकं वर्णन असावं. हे वर्णन हलक्यात घेऊ नका. उद्या दुसऱ्या चित्रकाराने चिन्ह काढलं तरी ते तेच राहिलं पाहिजे, आणि ते या वर्णनाच्या आधारेच शक्य होतं.

महासंचालनालयाचा अभिप्राय अनुकूल आला तर परिषद अंतिम ठराव करून चिन्ह स्वीकारते. तो अभिप्राय परिषदेला मान्य नसेल तर मसुदा कायदेशीर पर्यवेक्षण करणाऱ्या कार्यालयापुढे ठेवावा लागतो. जिल्ह्यात मोडणाऱ्या गेमाइंडेसाठी ते कार्यालय म्हणजे लांडराट्सआम्ट, अर्थात जिल्हा प्रशासन. माझा सल्ला असा की वाद तिथवर नेण्याआधी पुराभिलेखागाराच्या सूचनांवर मसुदा पुन्हा एकदा तपासावा. तिथली माणसं आयुष्यभर हेच काम करत आलेली असतात.

ध्वजासाठीही हाच सल्ला बंधनकारक आहे. सहसा ढालीतलेच दोन किंवा तीन रंग पट्ट्यांत घेतात आणि त्यावर मानचिन्ह बसवतात. दोन्हींचा प्रस्ताव एकत्र पाठवला तर रंगसंगती एकाच वेळी तपासली जाते.

शेजारच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये रीत निराळी आहे. तिथे गेमाइंडे अर्ज करते आणि नवं चिन्ह व ध्वज वापरण्याचा हक्क पर्यवेक्षण कार्यालय देतं. त्यामुळे एका राज्याचा नमुना दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा वापरू नये.

म्युनिक-एर्लांगन परिसरात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी शेवटचा मुद्दा. गणेशोत्सवाच्या पत्रकावर, बॅनरवर किंवा टी-शर्टवर गावाचं मानचिन्ह छापायचं असेल तर चौथ्या कलमानुसार गेमाइंडेची परवानगी लागते. कुठे, कशासाठी आणि किती काळ वापरणार हे लिहून, सोबत छपाईचा मसुदा जोडून राटहाउसमध्ये, म्हणजे गेमाइंडेच्या कार्यालयात, वेळेआधी अर्ज द्यावा. व्यवसायाच्या बोधचिन्हात ते वापरायचा विचार असेल तर आणखी एक अडसर आहे: देशातल्या गावांची मानचिन्हं असलेला ट्रेडमार्क जर्मन कायद्यानुसार नोंदवता येत नाही.