उजळणी

उजळणी : शिकलेले वारंवार आठवून पक्के करण्याची रीत. मराठी घरांत आणि शाळांत हा शब्द मुख्यतः पाढ्यांसाठी वापरतात. मळलेले भांडे घासून उजळतात, तसे धूसर झालेले पाढे उजळायचे, हा त्यातला भाव. पूर्वी तिन्हीसांजेला दिवा लावला की शुभंकरोती आणि मग पाढ्यांचा परवचा असा क्रम असे. नागपुरात महाल, इतवारी, धंतोली अशा जुन्या वस्त्यांतून हा क्रम आज क्वचितच ऐकू येतो. अंकलिपी मात्र अजून दर जूनमध्ये खपते.

उजळणीचे दोन भाग असतात. पहिला तालावर एका सुरात म्हणण्याचा : ‘सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस’. दुसरा मधूनच विचारण्याचा : ‘सात अठ्ठे?’ पहिला भाग सर्वांना आठवतो, कारण त्याला चाल आहे. दुसऱ्याला ना चाल आहे ना घोष, म्हणून तो आधी गळाला. स्मृतीच्या अभ्यासातून मात्र असे दिसते की पक्केपणा मुख्यतः या दुसऱ्या भागातून येतो.

पाढ्यांचा पसारा. एक ते तीसचे पाढे म्हणजे तीनशे ओळी. त्यापुढे अपूर्णांकांचे पाढे : पावकी (पाव), निमकी (अर्धा), पाऊणकी (पाऊण), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी (अडीच) आणि औटकी (साडेतीन). हे पाढे हौसेचे नव्हते. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक, अशा जगात ‘साडेतीन आण्याने सात शेर’ हा रोजचा हिशेब होता आणि औटकी येणाऱ्याला तो तोंडी जमे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने आली आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांखालची जमीनच सरकली. व्यवहारात गरज उरली नाही तेव्हा पाठांतरही उरले नाही. ‘सव्वा’, ‘दीड’, ‘अडीच’ हे शब्द तेवढे बोलण्यात टिकले.

तीनशे ओळींचा धाक वाटतो, पण दहापर्यंतच्या पाढ्यांत खरे पाठ करण्याजोगे फार थोडे असते. दोन ते नऊ या अंकांचे आपसांतले गुणाकार चौसष्ट. ‘सात अठ्ठे’ आणि ‘आठ साते’ एकच धरले की उरतात छत्तीस. बे आणि पाचचा पाढा मुलांना लवकर येतो. ते वगळले की एकवीस. नऊचा पाढा दहाच्या पाढ्यातून वजा करून मिळतो (सात नवे म्हणजे सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट). तोही काढला की पंधरा : ३×३, ३×४, ३×६, ३×७, ३×८, ४×४, ४×६, ४×७, ४×८, ६×६, ६×७, ६×८, ७×७, ७×८ आणि ८×८. तिसरी-चौथीतल्या मुलाचे अडते ते बहुधा या पंधरांतल्या पाच-सहांवर. ते पाच-सहा हुडकून काढायचे सोडून रोज सगळे पाढे म्हणायला लावणे ही घराघरांत होणारी चूक आहे.

मेंदूत काय घडते. मूल आधी मोजते, मग आठवते. ‘तीन चोक’ विचारल्यावर लहान मूल बोटांवर चार-चार मोजते. या वेळी कपाळामागच्या भागावर, म्हणजे कार्यस्मृती (हातातले काम होईपर्यंत गोष्टी धरून ठेवणारी स्मृती) सांभाळणाऱ्या भागावर, भार पडतो. वारंवार आठवल्यावर उत्तर थेट स्मृतीतून येऊ लागते. सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा साधारण सव्वा वर्षाच्या अंतराने मेंदू-आलेख घेऊन २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात हे स्थित्यंतर दिसले : मोजणे कमी होत गेले तसा हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्राचा सहभाग वाढला. प्रौढपणी हा भार बराचसा बाह्यकावर (मेंदूच्या बाहेरच्या थरावर), विशेषतः डाव्या कानाच्या वर-मागे असलेल्या, भाषेशी जोडलेल्या भागावर जातो. थोडक्यात, पाढा हा आकड्यांचा असला तरी मेंदू त्याला बोलीसारखा साठवतो. पन्नाशीतला मराठी माणूस इंग्रजीत कारभार करत असला तरी गुणाकार करताना ओठांत ‘सात अठ्ठे छप्पन्न’ पुटपुटतो, ते यामुळेच.

कार्यस्मृती फार तोकडी असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा एका वेळी सात गोष्टींच्या आसपास सांगितली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. ३४७ ला ८ ने गुणताना हातचे, स्थान आणि पुढची पायरी सांभाळण्यातच ती जागा भरते. त्यात ‘आठ साते’ साठी आठपासून चढत यावे लागले की हातचा निसटतो. पाढा येणे म्हणजे हुशारी नव्हे. तो आल्याने बाकीच्या कामाला जागा मोकळी होते, एवढेच.

घोष आणि विचारणा. तालाचा फायदा खरा आहे. चाल आणि यमक पुढच्या शब्दाची खूण देतात. वेदपाठाची परंपरा याच बळावर उभी आहे. मात्र तिथेही पद, क्रम, जटा, घन असे शब्द उलटसुलट गुंफून म्हणण्याचे प्रकार आहेत, केवळ सरळ घोष नाही. लहानपणापासून हे पाठांतर केलेल्या एकवीस वेदपाठींच्या मेंदूची इतरांशी तुलना २०१६ मध्ये झाली. त्यांच्यात भाषा आणि स्मृतीशी निगडित काही भाग जाड किंवा मोठे आढळले. हा फरक पाठांतरानेच घडला की मुळात तसे मेंदू असलेलेच त्या वाटेला टिकले, हे अशा एकवारच्या मोजणीतून ठरत नाही.

घोषाचा तोटा असा की तो साखळी घडवतो. ज्याला ‘सात अठ्ठे’ साठी ‘सात एके’ पासून सुरुवात करावी लागते, त्याला पाढा पाठ आहे, पण येत नाही. ओळखायची खूण सोपी : प्रश्नानंतर तीन सेकंदांत उत्तर आले तर स्मृतीतून आले. ओठ हलत राहिले, नजर वर गेली तर मूल जिना चढते आहे. वर्गातल्या समूहघोषात तर हेही कळत नाही. कच्चे मूल शेजाऱ्याच्या अर्धा क्षण मागे राहून पूर्ण पाढा ‘म्हणते’ आणि शिक्षकाला चाळीस आवाज एकच ऐकू येतात.

विचारणेचे बळ रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये आकड्यांत दाखवले. एका गटाने उतारा चारदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवला. पाच मिनिटांनी वाचणाऱ्यांना ८३ टक्के आणि आठवणाऱ्यांना ७१ टक्के आठवले. आठवड्याने आकडे उलटले : वाचणारे ४० टक्क्यांवर, आठवणारे ६१ वर. संध्याकाळी घडाघडा म्हटलेला पाढा आठवड्याने कुठे जातो, याचे उत्तर इथे आहे. प्रयोग प्रौढ विद्यार्थ्यांवर आणि गद्य उताऱ्यांवर झाला होता, हे लक्षात ठेवावे. पण हाच परिणाम इतर वयांत आणि इतर मजकुरावरही पुन्हा पुन्हा दिसला आहे.

किती अंतराने. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःलाच निरर्थक अक्षरे पाठ करायला लावून विसरण्याचा वेग मोजला : सुरुवातीला घसरण तीव्र, मग संथ. त्यावरचा उपाय म्हणजे एका बैठकीत रेटण्याऐवजी अंतर ठेवून उजळणे. २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की जितका काळ लक्षात ठेवायचे तितके अंतरही वाढवावे लागते : आठवडाभरासाठी एक-दोन दिवसांचे, वर्षभरासाठी तीनएक आठवड्यांचे. अंतर ठेवून शिकणाऱ्याला आपण मंद आहोत असे वाटते, ही त्यातली गोची. १९७८ मध्ये ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना रोज एक तास शिकणारा गट सर्वांत कमी तासांत तयार झाला आणि नाराजही तोच सर्वांत जास्त होता.

नागपुरात अंतराचा प्रश्न पंचांगाइतका पक्का आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. परीक्षेपासून धरले तर पाढ्यांना दोन महिन्यांहून अधिक हात लागत नाही. जुलैचा पहिला पंधरवडा ‘मागचे सगळे विसरले’ या तक्रारीत जातो. वास्तविक ते पुसलेले नसते. दुसऱ्यांदा शिकताना फार कमी वेळ लागतो, हेही एबिंगहाउस यांनीच मोजले होते. सुटीत आठवड्याला दोनदा, दुपारी कूलरपुढे बसून दहा-दहा मिनिटे विचारणा केली तरी घसरण बरीच थोपते. कूलरच्या घरघरीत मात्र ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच ऐकू येतात. प्रश्न लिहून दाखवावेत.

पत्त्यांची रीत. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली कप्प्यांची पद्धत घरी सहज करता येते. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते करावेत. एका बाजूला ७×८, मागे ५६. पाच कप्पे घ्यावेत. सगळे पत्ते पहिल्यात. उत्तर तीन सेकंदांत आले तर पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकले वा रेंगाळले तर थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. दिवसाला नवे पत्ते तीनच. दहा मिनिटांत थांबावे. पत्ता उलटण्याआधी मुलाने उत्तर मोठ्याने बोललेच पाहिजे. मनात धरून ‘हो, हेच होतं’ म्हणणे म्हणजे ओळखणे, आठवणे नव्हे.

बिघडते ते ठराविक ठिकाणी. जवळचे पत्ते एकाच दिवशी आले की एकमेकांत मिसळतात. ५४ आणि ५६ ही त्यातली कुप्रसिद्ध जोडी : सहा नवे चोपन्न, सात अठ्ठे छप्पन्न. मुलाची चुकीची उत्तरे सहसा भलतीच नसतात, त्याच पाढ्यातल्या शेजारच्या पायरीची असतात (७×८ ला ४९ किंवा ६३). अशा जोडीतला एक पत्ता पक्का होईपर्यंत दुसरा आणू नये. दुसरी खोट धाकाची. भीतीचे विचार त्याच चिंचोळ्या कार्यस्मृतीत जागा अडवतात, म्हणून घरी येणारा पाढा फळ्यापुढे येत नाही. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) छडी बंद केली. सगळ्या वर्गासमोर उभे करणे बंद झालेले नाही.

तीन भाषांतले पाढे. मध्यप्रांताची राजधानी म्हणून वाढलेल्या नागपुरात मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात. मूल आजीकडून ‘बे दुणे चार’ शिकते, गल्लीत ‘दो दूनी चार’ ऐकते आणि सेमी-इंग्रजी वर्गात ‘टू टूज आर फोर’ म्हणते. द्वैभाषिकांवरचा २००१ चा एक प्रयोग सांगतो की नेमक्या आकडेमोडीची उत्तरे ज्या भाषेत शिकली त्या भाषेत लवकर येतात. अंदाजाच्या हिशेबावर भाषेचा असा परिणाम दिसत नाही. म्हणून पाढ्यांची भाषा मधेच बदलू नये. एकीत पक्के करून मग दुसरीत आकड्यांची नावे तेवढी शिकवावीत. चौथीनंतर ‘आता इंग्रजीतच म्हण’ असा हुकूम सोडणारे पालक मुलाला तीच विहीर दुसऱ्यांदा खणायला लावतात.

मराठी संख्यानामांची अडचण वेगळी. ‘पस्तीस’ मध्ये पाच आधी ऐकू येतो आणि लिहायचा नंतर, त्यामुळे लहान मुले ५३ लिहितात. जर्मन भाषेतही हाच उलटा क्रम आहे. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या संख्यालेखनातल्या जवळजवळ निम्म्या चुका त्यापायी होतात, असे आढळले आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ अशी वाचनाची पर्यायी रीत दिली, तेव्हा राज्यभर थट्टा आणि वाद झाले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे आणि हा उलटा क्रम मुलांना जड जातात, अशी बाजू मांडली होती. युक्तिवादात दम होता. पण घरी आजी ‘एकवीस’ म्हणणार आणि दुकानदारही, हे पुस्तकाला बदलता येत नाही.

पाटी ते मोबाइल. पाटीवर चूक पुसता येई, पण उत्तर स्वतःच लिहावे लागे. पाढ्यांची बरीच मोबाइल ॲप नेमकी इथे ढिली पडतात : चार पर्यायांतून बोट ठेवायला सांगतात. ५६ समोर दिसल्यावर ओळखणे सोपे, शून्यातून आणणे अवघड, आणि सराव दुसऱ्याचा हवा. उत्तर टंकायला लावणारे, चुकलेले प्रश्न वाढत्या अंतराने परत आणणारे ॲप निवडावे. अंतराचे गणित करणारे सुपरमेमो १९८७ पासून आणि मोफत मिळणारे अँकी २००६ पासून उपलब्ध आहे. चांदण्या, फटाके आणि ‘लेव्हल’ यांचा पाढ्यांशी संबंध नाही.

बाजारातला हिशेब. ब्राझीलमधल्या रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांनी व्यवहारातले ९८ टक्के हिशेब बरोबर केले. तेच आकडे कागदावर मांडल्यावर ३७ टक्के (१९८५). कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारात काम करणाऱ्या मुलांबाबत २०२५ मध्ये तसेच आढळले. उलट बाजूने, शाळेत गणित जमणारी पण बाजाराचा अनुभव नसलेली मुले तिथल्या हिशेबात अडखळली. नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये भाजीच्या ढिगामागे बसलेला पोट्टा ‘पावणेदोन किलोचे किती?’ याचे उत्तर पाऊणकीचे नावही न ऐकता देतो : दोन किलोचे पैसे धरून पाव किलोचे वजा करतो. वर्गात त्याला १.७५ × ४० असे दिले तर हीच युक्ती लागू आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरलेली मुले रात्री बोजारा, म्हणजे दारोदार मिळालेले पैसे, मोजून वाटून घेतात, तेव्हाही बिनचूक भागाकार होतो. दुसऱ्या दिवशी तोच भागाकार वहीत मांडायला लावला तर दोन्ही गणिते एकच आहेत हे मुलाला दिसते.